बांधावरची पेरणी

नंदूमामा चायनाहून परत आला तेव्हा त्याच्या बॅगेतून काय निघणार यावर आमच्या गल्लीत आठ दिवस चर्चा चालली होती. कुणी म्हणे मोबाइल, कुणी म्हणे गाणारं घड्याळ. मामीला रेशमी साडीची खात्री होती. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ, लोधीपुऱ्यातल्या एका लूमच्या कारखान्यात फिटर. शेठनं चायनातून नवे लूम मागवले होते आणि ते जोडायचे कसे, बिघडले तर उघडायचे कसे, हे शिकायला मामाला दीड महिना तिकडे पाठवलं होतं. बॅग उघडली तर निघालं काय, तर उभ्या-आडव्या रेघा मारलेली एक घडीची फळी आणि दोन डबे भरून सोंगट्या. एका डब्यात काळ्या, एकात पांढऱ्या, औषधाच्या गोळीसारख्या चपट्या. मामी बराच वेळ डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाशी साडी आहे का बघत होती. मग म्हणाली, "बस? इतकंच?" आणि आत जाऊन तिनं भांडी अशी आपटली की शेजारच्या बाई विचारायला आल्या, पोहोचला का मामा सुखरूप म्हणून.

मामाला चायनाची भाषा येत नव्हती आणि चायनाला मामाची. त्यात तो शुद्ध शाकाहारी. दीड महिना हा माणूस शेंगदाणे आणि केळी खाऊन जगला. तिथल्या कारखान्याच्या फाटकाजवळ एक म्हातारा वॉचमन हा पट मांडून बसायचा, आणि मामा संध्याकाळी करायला दुसरं काही नाही म्हणून त्याच्यासमोर. शिकवणं असं, की चूक केली की म्हातारा फटकन हातावर मारायचा, बरोबर केलं की शेंगदाणा द्यायचा. एकदा तो सारखा स्वतःच्या दोन डोळ्यांकडे बोट दाखवायला लागला. मग एक डोळा मिटायचा आणि मान टाकून मेल्याचं सोंग करायचा. मामाला वाटलं म्हाताऱ्याचे डोळे आले. त्यानं दुसऱ्या दिवशी बॅगेतले डोळ्यांचे थेंब नेऊन दिले. म्हाताऱ्यानं ते थेंब घेतले, कपाळावर हात मारला आणि मग फटक्यांनी तो नियम शिकवला. निघताना त्यानंच पट मामाच्या हातात ठेवला. खेळ चार हजार वर्षांचा आहे असं मामा सांगायचा. हे त्याला कुठल्या खुणेनं कळलं देव जाणे.

हे सगळं मी मामाच्या घरी बसून ऐकलं, कारण आमच्या घरी मामाचं पाऊल तीन वर्षं पडलं नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि मामा यांचा अबोला होता, आणि तो एका टोपीवरून होता. आता माझ्या मुलींना हे सांगते तर त्या हसून लोळतात. पण आमच्याकडे लग्नात जावयाला टॉवेल-टोपी देणं म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. मामाच्या लग्नात माइकवरून जावयांची नावं पुकारली गेली आणि मोठा जावई म्हणून पहिलं नाव आप्पांचं यायच्या ऐवजी धाकट्या मावशीच्या नवऱ्याचं आलं. का, तर ते इंदूरला ऑफिसात होते आणि पँट घालून आले होते. आप्पांचं नाव पाचवं आलं. तोवर टोप्या संपल्या होत्या. आप्पांना नुसता टॉवेल मिळाला. वर स्टेजवर मुंडावळ्या बांधलेला मामा त्याच क्षणी फोटोग्राफरकडे बघून हसला. तो फोटो आजही आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात आप्पांचा चेहरा बघून कुणालाही हसू येईल. आप्पा तिथून जेवणाच्या पंगतीत न बसता घरी आले. टॉवेल कपाटात घडी घालून ठेवला. तीन वर्षांत त्यानं कुणी हातसुद्धा पुसला नाही.

मामानं प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्याच दिवाळीला तो चांगली भरजरी टोपी घेऊन आमच्या दारात आला होता. आप्पांनी आतूनच मला सांगितलं, "मंजू, सांग त्याला, मागून मिळालेली टोपी मी घालत नाही." मामा ओट्यावर पुडा ठेवून गेला, आप्पांनी तो गड्याच्या हातानं परत पाठवला. आणि या सगळ्यात मरण होतं आईचं. भाऊबीजेला भावानं बहिणीच्या घरी यायचं, पण आमच्याकडे आईच ताट झाकून मामाच्या घरी जायची आणि ओवाळून यायची. आप्पा अडवायचे नाहीत. त्या दिवशी त्यांना नेमकं शेतात काम निघायचं. आई परत आल्यावर पदरानं डोळे टिपत ताट घासायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, राख गेली डोळ्यांत. आमच्याकडे गॅस येऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

त्या वर्षी गोष्ट आणखी अवघड झाली. मामाला सुरतला नोकरी लागली. भाऊबीज झाली की बिऱ्हाड हलवायचं ठरलं. आईनं हे ऐकलं त्या दिवशी ती भाकरी थापता थापता थांबली आणि मला म्हणाली, "मंजू, एकदा फक्त. एकदा माझ्या घरात, माझ्या पाटावर बसला पाहिजे तो. मंग जाऊ दे कुठं जायचं तिकडे." एवढं बोलून ती परत भाकरी थापायला लागली. मी तेव्हा अकरावीत होते आणि मला वाटायचं की जगातल्या सगळ्या अडचणी मोठ्या माणसांना नीट विचार करता येत नाही म्हणून असतात. आता मोठी झाल्यावरही माझं मत फारसं बदललेलं नाही.

खेळ मी मामाकडूनच शिकले. त्याच्या घराच्या भिंतीला लागून लुमांचं शेड, खटक-खटक-खटक असा आवाज दिवसभर. लाइट गेली की अचानक सगळं शांत व्हायचं आणि त्या शांततेत कानच बधिर झाल्यासारखं वाटायचं. मामा त्या आवाजाच्या तालावर सोंगटी ठेवायचा. त्याची शिकवायची पद्धत वॉचमनचीच, चुकलं की हातावर फटका. शेंगदाणे मात्र तो स्वतःच खायचा. खेळ सांगायला सोपा. एकानं काळी ठेवायची, दुसऱ्यानं पांढरी. ठेवलेली हलवायची नाही. समोरच्याच्या सोंगट्यांना चारी बाजूंनी कोंडलं, त्यांना श्वास घ्यायला शेजारी एकही मोकळी जागा उरली नाही, की त्या मेल्या, उचलून घ्यायच्या. शेवटी ज्यानं जास्त जागा घेरली तो जिंकला. "कुंडी भंडारा पाहिला ना तू, जमिनीखालून एकमेकींना जोडलेल्या जुन्या विहिरी?" मामा म्हणायचा. "एका कुंडीचं पाणी दुसरीला, दुसरीचं तिसरीला. एकटी कुंडी सुकते. सोंगट्या अशा जोडत जायच्या." आणि सगळ्यात मोठा नियम तो डोळ्यांचा. आपल्या सोंगट्यांच्या पोटात दोन मोकळ्या जागा वेगवेगळ्या राखल्या, तर समोरच्यानं कितीही वेढा घातला तरी आपल्याला मारता येत नाही. एकीत शिरायला गेला तर दुसरी शिल्लक राहते. एकच राहिली तर मात्र तो तीही बंद करतो, आणि खेळ खल्लास. म्हातारा एक डोळा मिटून मरायचा तो यासाठी.

घरी सरावाला पट नव्हता, म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा मारल्या. काळ्यांसाठी सीताफळाच्या बिया. सीजन सुरू होता, आमच्या घरी दिवसाला पाटीभर सीताफळं खाल्ली जायची. पांढऱ्यांसाठी आईच्या डब्यातले वाल. आप्पा शेतातून आले, हातपाय धुऊन ओसरीवर बसले आणि तिरक्या नजरेनं बघायला लागले. आप्पा चंगअष्ट्यात, म्हणजे कवड्या टाकून खेळायच्या पटात, गल्लीत एक नंबर होते. त्यांच्यासमोर कुणी पट मांडला आणि ते गप्प बसले असं होणं शक्य नव्हतं. दहा मिनिटांनी म्हणाले, "काय करून राहिली?" मी नियम सांगितले. कुणाकडून शिकले हे सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. पण चायनाचा खेळ गल्लीत दुसरा कोण आणणार होता?

त्यांनी पहिली बी उचलली आणि चौकोनाच्या आत ठेवली.

"आप्पा, आत नाही. रेघेवर. जिथं दोन रेघा कापतात तिथं."

"रेघेवर? हा वाफा आहे ना? मग ही रेघ म्हणजे बांध. बांधावर कुणी पेरतं का?"

"नियम आहे तसा."

"कुणी केला नियम? शेती केली होती का त्यानं कधी?"

मी दुसऱ्या दिवशी हे मामाला जसंच्या तसं सांगितलं. मामा हसला. "दाजींना सांग, ही शेती नाही, हे कापड आहे. उभा धागा, आडवा धागा. जिथं धाग्यावर धागा चढतो तिथंच कापड होतं, मधल्या भोकात नाही." मी हेही घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, फक्त 'एक जण म्हणत होता' असं करून. आप्पा म्हणाले, "त्या एक जणाला सांग, भोकातनंच वारा खेळतो, तेव्हा घाम जिरतो." पण बी मात्र त्यांनी रेघेवर सरकवली. मला तिथंच कळलं की माझ्या हाती काहीतरी लागलं आहे. तीन वर्षांत या दोन माणसांनी एकमेकांशी इतकं बोलणं केलं नव्हतं.

मग मी आप्पांना डिवचलं. म्हटलं, माझ्याशी जिंकून काय उपयोग, मी आत्ताच शिकले. शिकवणाऱ्याला हरवा. तिसऱ्या दिवशी जेवताना आप्पा, भरताचा घास हातात धरून, आईकडे न बघता मला म्हणाले, "तुझ्या मास्तरला सांग, होऊ दे एक डाव. मी जिंकलो तर त्यानं टोपी घेऊन माझ्या दारात यायचं, सगळ्या गल्लीसमोर. ती टोपी मागून मिळालेली नसेल, जिंकून घेतलेली असेल. आणि मी हरलो तर मी त्याच्या दारात जाईन. पण ते होत नाही." आई कढी वाढता वाढता तशीच थांबली. कढी माझ्या ताटाबाहेर गेली. तिनं ती पुसलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

पण डाव खेळायचा कसा? समोरासमोर बसणं शक्य नाही. शेजारी फोन होता, पण फोनवर बोललं म्हणजे बोललंच. शेवटी ठरलं की दोन घरी दोन पट मांडायचे आणि चाली मी पोहोचवायच्या. आमच्या ओट्यापासून मामाच्या दारापर्यंत चारशे अकरा पावलं होती, हे मला त्या महिन्यात पाठ झालं. आप्पांनी पटाच्या चारी कोपऱ्यांना आमच्या शेताची नावं दिली. एक विहिरीचा कोपरा, एक नाल्याचा, एक आंब्याचा, एक सडकेचा. मी वहीत लिहून न्यायचे, 'विहिरीपासून चौथी ओळ, तिसरं रोप.' मामा ते आपल्या पटावर लावायचा आणि उत्तर द्यायचा, 'नाल्याकडून सहावा ताणा, पाचवा बाणा,' म्हणजे सहावा उभा धागा, पाचवा आडवा. कॉलेजला जाताना एक चाल, आल्यावर तीन, आणि दिवाळीची सुट्टी लागल्यावर तर दिवसाला दहा-बारा. नियम एकच घातला होता आप्पांनी, "टपालवाल्यानं पत्र वाचायचं नाही." म्हणजे मी कुणालाच सल्ला द्यायचा नाही. वाटेत मावा जलेबीवाल्याचं दुकान होतं. तो कढईत जलेबी सोडता सोडता ओरडायचा, "क्या हुआ बेटी? कोण पुढे?" मी सांगायचे, आप्पांनी पाच वाल मारले. तो म्हणायचा, "वा!" आणि एक जलेबी कागदावर ठेवून द्यायचा. त्या महिन्यात माझं वजन वाढलं, आणि ते पुढे कधी उतरलं नाही.

आता इथं एक गंमत झाली, जी आप्पांना पुष्कळ नंतर कळली. मामा मुद्दाम हरायचा प्रयत्न करत होता. आईसाठीच. हरलो की टोपी घेऊन जायचं, पाटावर बसायचं, प्रश्न मिटला. पण आप्पांशी हरणं हे महाकठीण काम निघालं. मामा भलत्याच ठिकाणी सोंगटी ठेवायचा, की दाजी खुशाल मारू देत. आप्पा तिकडे बघायचेच नाहीत. त्यांना एकच ध्यास, आपली बाग विहिरीच्या कोपऱ्यात सरळ ओळीत लागली पाहिजे. एकाला एक लागून, सारख्या अंतरावर, दोरी धरून लावल्यासारख्या बिया. त्या ओळी इतक्या देखण्या दिसायच्या की आई भाजी निवडताना म्हणायची, "छान लागलीय हो." दुसरीकडे मामाचा हात लुमवर बसलेला. धागा सुटलेला त्याला बघवत नसे. हरायचं हरायचं म्हणताना त्याच्या हातून सुटलेली जागा जोडली जायची आणि चांगली चाल पडायची. मग तो स्वतःच्याच हातावर फटका मारून घ्यायचा. मामी एकदा दारातून बघून म्हणाली, "ह्यांना चायनात काहीतरी झालं."

धनत्रयोदशीपर्यंत पट निम्म्याहून जास्त भरला. आप्पांच्या विहिरीजवळच्या बागेला मामाच्या वालांनी पुरता वेढा पडला होता, पण बाग जिवंत होती. आत दोन मोकळ्या जागा होत्या, एकीकडे एक, दुसरीकडे एक. ठरवून ठेवलेल्या नव्हेत, आपसूक राहिलेल्या. त्या दोन जागा होत्या म्हणून बत्तीस बिया सुरक्षित होत्या, आणि बाकी पटावर मामानं इतका गोंधळ घातला होता की आप्पा जिंकत होते. मी मनातल्या मनात पाट मांडला, रांगोळी काढली, मामाला बसवलं. आईला काही सांगितलं नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखायची. त्या दिवशी तिनं खापरावरच्या पुरणाच्या मांड्यांसाठी गहू दळायला पाठवले. मांडे आमच्या घरी मामासाठीच व्हायचे. तीन वर्षांत झाले नव्हते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी आप्पा शेतातून जरा उशिरा आले. कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावायची केळी, लावून महिना झाला होता आणि नांग्या भरायचं काम चालू होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, केळीचे कंद लावले की सगळेच उगवत नाहीत. मधे मधे जागा रिकाम्या राहतात. त्या नांग्या. महिन्याभरात तिथं नवे कंद लावून ओळ पुरी करायची, ते नांग्या भरणं. आप्पांच्या लेखी नांगी राहिलेली बाग म्हणजे दात पडलेलं तोंड. सडकेवरून जाणारा माणूस काय म्हणेल याची त्यांना सगळ्यात जास्त काळजी. तर त्या दिवशी ते दिवसभर नांग्या भरून आले, चिखलाच्या पायांनीच ओसरीवर बसले, चहाचा कप उचलला, पटाकडे बघितलं. आणि त्यांचा हात आपोआप सीताफळाच्या बियांकडे गेला. एक बी उचलून त्यांनी त्या दोनपैकी एका मोकळ्या जागेत ठेवली. ठेवून अंगठ्यानं दाबलीसुद्धा.

"आप्पा!"

"काय?"

"तिथं नको ना."

"काहून? किती दिवस झाले बघून राहिलो, डोळ्यात खुपतंय ते. नांगी भरली. आता दुसरी उद्या भरतो." मग बोट उगारून म्हणाले, "आणि टपालवाल्यानं पत्र वाचायचं नाही. जा."

मी निघाले. चारशे अकरा पावलं त्या दिवशी मला चार कोसांची वाटली. मामानं आता उरलेल्या एका जागेत वाल ठेवला की बत्तीसच्या बत्तीस बिया मेल्या. डाव गेला. आप्पा हरले की काय करतील हे मला नीट ठाऊक होतं. ते म्हणतील, जाईन त्याच्या दारात, शब्द म्हणजे शब्द. आणि मग शेतात काम निघेल, ते मामा सुरतला जाईपर्यंत संपणार नाही. जलेबीवाल्यानं विचारलं तरी मी थांबले नाही. वाटेत तीनदा वही उघडली. पेन्सिल होती, खोडरबर होतं. 'विहिरीपासून दुसरी ओळ'चं 'पाचवी ओळ' करायला कितीसा वेळ लागतो? आज सांगते, मी खोडलं होतं. खरंच खोडलं होतं. मग मामाच्या दारात उभी राहून परत होतं तसं लिहिलं, कारण मला रडू यायला लागलं आणि रडताना खोटं नीट बोलता येत नाही.

मामानं चाल वाचली. पुन्हा वाचली. वही उलटी धरून वाचली. "हे तू बरोबर लिहिलंस?"

मी मान हलवली.

"अरे देवा," मामा डोकं धरून बसला. "ह्या माणसाशी हरायचं तरी कसं? आता मी काय करू? एवढी मोठी जागा आहे, दिसली नाही असंही म्हणता येत नाही." पलीकडे लूम खटकत होते. त्याचा हात दोनदा पांढऱ्या डब्याकडे गेला, दोन्ही वेळा त्यानं तो दुसऱ्या हातानं मागं ओढला. शेवटी म्हणाला, "लिही. पास."

"पास?"

"नियमात आहे. खेळायचं नसलं तर पाळी सोडता येते. म्हातारा लघवीला जाताना पास करायचा. जा, सांग दाजींना."

मी धावत घरी आले आणि सांगितलं, मामा पास. पाळी सोडली, आता परत तुमची चाल. आप्पांचा चहा अजून संपला नव्हता. ते म्हणाले, "पाळी सोडली? काहून?" त्यांनी कप खाली ठेवला आणि बहुतेक त्या महिन्यात पहिल्यांदाच समोरच्याच्या बाजूनं पटाकडे बघितलं. आप्पा हट्टी होते, मूर्ख नव्हते. बोट फिरत फिरत त्या उरलेल्या एका जागेवर येऊन थांबलं.

"त्यानं इथं वाल ठेवला असता तर?"

"टपालवाल्यानं पत्र वाचायचं नाही," मी म्हणाले.

"मंजू, टपालवाल्याला आता मीच विचारून राहिलो. किती गेल्या असत्या?"

"सगळ्या. बत्तीस."

आप्पांचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. "म्हणजे मला दान करतो काय? मागून मिळालेली टोपी घालत नाही म्हणालो तर आता मागून मिळालेला डाव?" ती बी त्यांनी मुठीत घेतली आणि उठले. अंगात बनियन, पायांना चिखल, एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्यात आईची. "कुठं निघालात?" म्हणून आई ओरडली तोवर ते गल्लीच्या कोपऱ्याला पोहोचलेसुद्धा. मी मागे, माझ्यामागे पुरणाच्या हातांची आई, तिच्यामागे शेजारच्या बाई. जलेबीवाल्यानं कढईखालचा गॅस बारीक केला आणि तोही झारा घेऊन निघाला.

मामाच्या दारासमोर आप्पा उभे राहिले. कमरेवर हात ठेवले. आणि तीन वर्षांत पहिला शब्द त्यांच्या तोंडून निघाला तो असा, "ए नंद्या! बाहेर ये! चाल काहून नाही खेळत? भिकारी समजून राहिला काय मला?"

मामा दारात आला. तो घाबरला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर दुसरंही काहीतरी होतं. "दाजी," तो म्हणाला, "आत तर या."

"नाही येत! आधी माझ्या बिया मार!"

"नाही मारत."

"मार म्हणतो ना! काय उपकार आहे का? वाल ठेव तिथं!"

"दाजी, तुम्ही चांगली बाग लावली होती. डोळा काहून बंद केला?"

"डोळा? नांगी होती ती!"

"तुमची नांगी, पण खेळात डोळा. ती मोकळी होती म्हणून तुम्ही जिवंत होता ना!"

"मोकळी जागा ठेवून कुणी जिवंत राहतं का रे?"

"राहतं दाजी! आई शप्पथ राहतं!" आणि मामानं, काय करावं न सुचून, तोंडानं सांगायचं सोडून एक डोळा मिटला, मान टाकली आणि मेल्याचं सोंग केलं. मग दोन्ही डोळे उघडले, बोटं दाखवली आणि ताठ उभा राहिला. गल्ली बघत राहिली. आप्पा बघत राहिले. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मी शपथेवर सांगते, हलला. त्यांनी तो लगेच दाबला, पण आईनं बघितलं होतं.

आई पुढे झाली. या खेळातली एक चालही तिला कळत नव्हती. तिला फक्त वाल संपल्याचं कळलं होतं. पुरणाचा हात तिनं पदराला पुसला आणि म्हणाली, "अहो, पैज काय होती? तुम्ही हरलात तर त्याच्या दारात जायचं. कुठं उभे आहात आता तुम्ही?"

आप्पांनी खाली बघितलं. मामाचा उंबरा. एका पायात आईची चप्पल.

"म्हणजे हरलात. आणि तू रे नंदू, खेळ सोडला ना? सोडला तो हरला. म्हणजे तूही हरलास. आता दोघंही आपापला शब्द पाळा. ह्यांनी दारात यायचं होतं, आले. तू टोपी घेऊन भाऊबीजेला सकाळी माझ्या दारात. मांडे करणार आहे मी, गार झाले तर बघ."

जलेबीवाला म्हणाला, "फैसला हो गया भई," आणि कढईकडे पळाला. आप्पांनी मुठीतली बी मामाच्या हातावर ठेवली, गुरगुरले, "चहा टाक म्हणा तुझ्या बायकोला," आणि आत गेले.

भाऊबीजेला मामा आला तो सगळ्या गल्लीला दिसेल अशी टोपी तबकात घेऊन. तीच तीन वर्षांपूर्वीची, घडीची खूण पडलेली. मामानं ती आप्पांच्या डोक्यावर घातली, आणि आप्पांनी कपाटातून तो टॉवेल काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. मग मामा पाटावर बसला. आईनं ओवाळलं. ती इतकी रडत होती की तिला दिवा नीट फिरवता येईना, आणि या वेळी राखेचं नाव तिनं काढलं नाही. मीही रडले. आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते आणि जेवताना, झोपताना, पुढचे दोन दिवस त्यांनी टोपी काढली नाही.

मामा सुरतला गेला तो तिथलाच झाला. पण भाऊबीज त्यानं एकदाही चुकवली नाही. आप्पा आता काठीशिवाय चालत नाहीत, मामाच्या गुडघ्यांनीही असहकार पुकारलाय आणि माझे केस मेंदीवर चालतात. त्या दिवाळीनंतर मी आप्पांबरोबर शेतात गेले होते. सुकलाल, आमचा जुना गडी, कंदांची पाटी घेऊन ओळीनं येत होता. विहिरीजवळ थांबून म्हणाला, "आप्पा, इथं दोन नांग्या राहिल्या."

"राहू दे," आप्पा म्हणाले.

"काहून? कंद आहेत ना उरलेले."

"राहू दे म्हटलं ना. ते चायनाचं आहे, तुला नाही कळायचं."

बाग दरवर्षी नवी लागते, पण विहिरीजवळच्या त्या दोन जागा तेव्हापासून मोकळ्याच असतात. सडकेवरून जाणारे विचारतात, आप्पा उत्तर देत नाहीत. ओवाळणी आणि मांडे झाले की दोघं शेतात जातात. मी मागून डबा घेऊन पोहोचते तेव्हा वीतभर केळीच्या ओळींत एका नांगीत मामा उभा असतो, दुसरीत टोपी घातलेले आप्पा, आणि त्या डावात नक्की कोण जिंकलं होतं यावर दोघं जोरजोरात भांडत असतात.